दोन दारांच्या मध्ये

बाबा गेल्यावर एक्केचाळिसाव्या दिवशी अनुयाने दुकान पुन्हा उघडलं. बाबा, म्हणजे निशिकांत, पंचवीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर होते. बोटीची नोकरी सोडल्यावर त्यांनी सिंगापूरमध्ये हौगांगजवळच्या एका इमारतीत नेमबाजीच्या क्लबांना बंदुका पुरवण्याचा धंदा सुरू केला. परवाना आता अनुयाच्या नावावर आला होता, पण सहा महिन्यांपुरता. तेवढ्या काळात एक पिस्तूल जरी गहाळ झालं, तरी सगळं संपलं असतं. रॅफल्स प्लेसची बँक सोडून ती इथे येऊन बसली, तेव्हा नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं होतं.

दुकान बाबांनी जहाजाच्या शिस्तीने बांधलेलं. बाहेरचं काचेचं दार लागल्याशिवाय आतलं उघडत नसे, आणि दोन्हींची बटणं काउंटरखाली. मध्ये जेमतेम चार माणसं मावतील एवढी जागा. तिजोरीला चाव्या दोन: एक मालकाकडे, दुसरी दुकानातल्या जुन्या मदतनीस लिम आंटीकडे. दोन्ही चाव्या एका हातात कधीच यायच्या नाहीत. आंटी रजेवर असली की तिजोरी बंद, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. या हट्टापायी बाबांनी चांगले सौदे घालवले होते, आणि अनुया त्यावरून त्यांच्याशी भांडलीही होती.

त्या सकाळी आंटी कॉफी आणायला खाली गेली आणि लगेच बेल वाजली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन माणसं दिसली. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, हातात चाकांची पेटी. अनुयाने त्यांना पहिल्या दारातून आत घेतलं. दार त्यांच्यामागे लागलं. पुढच्याने काचेला एक पत्र लावून धरलं. परवाना विभागाचं होतं, पाच पिस्तुलं तपासणीसाठी न्यायची होती. मग त्याने अनुयाचं नाव वाचलं आणि चक्क मराठीत बोलू लागला. मी प्रबोध, मूळचा पुण्याचा. बातमी कळली तेव्हा फार वाईट वाटलं, ताई.

चाळीस दिवसांत बाबांबद्दल तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी परकं माणूस भेटलं नव्हतं. अंगठा आतल्या दाराच्या बटणावर जाऊन टेकलाही. अजून थोडं बोलावं याने, असं तिला वाटलं, आणि तो बोललाच.

"किती अगत्याचा माणूस. मागच्या तपासणीला दुकानात एकटेच होते, तरी मला थांबवलं नाही. स्वतः तिजोरी उघडून दिली, दोन मिनिटांत."

अनुयाने अंगठा हळूच उचलला.

बाबांनी एकट्याने तिजोरी उघडली असती, तर त्यांचे अर्धे सौदे तरी वाचले असते.

चेहरा न हलवता ती म्हणाली की हे दार कधीकधी अडकतं, जरा थांबा. फोन उचलून तिने नंबर लावला. पत्रावरचा नाही, बाबांनी वहीत लिहून ठेवलेला. परवाना विभागाने असं कुणालाच पाठवलं नव्हतं. दुसरा फोन तिने पोलिसांना केला.

तो मराठीत बोलत होता तोवर प्रबोधचा आवाज मऊ होता. आता तो इंग्रजीत ओरडायला लागला. त्याच्या जोडीदाराने बाहेरच्या दारावर खांदा मारला, मग पेटी आपटली. काच जागची हलली नाही. एवढ्यात आंटी इथल्या रीतीने प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून दिलेली कॉफी घेऊन वर आली. बाहेरच्या काचेतून तिने आधी त्या दोघांकडे पाहिलं, मग पलीकडे अनुयाकडे. तिला सगळं कळलं. दोन पावलं मागे सरून ती जिन्याच्या कठड्याला टेकली आणि आपली कॉफी पिऊ लागली.

पोलीस आले तेव्हा प्रबोध पेटीवर बसून पुन्हा मराठीकडे वळला होता. "ताई, आपण एका मुलखाची माणसं."

"म्हणूनच तर तुमचं इतकं ऐकून घेतलं," अनुया म्हणाली, आणि बाहेरच्या दाराचं बटण दाबलं.

पोलिसांनी विचारलं, मालक कुठे आहेत? गेले चाळीस दिवस या प्रश्नावर ती वडील वारल्याचं सांगत आली होती.

"मीच," ती म्हणाली.

नंतर तिने आणि आंटीने आपापली चावी लावून तिजोरी उघडली, एकेक पिस्तूल यादीशी ताडून पाहिलं. सगळी जागेवर होती. मग आत जाऊन अनुया पोटभर रडली. बाहेर आली तेव्हा आंटीने फक्त एवढंच सांगितलं, की क्लबची माणसं बाराला येणार आहेत, तोंड धुऊन घे.

बाराला बेल वाजली. अनुयाने आधी पडदा पाहिला.