कडेनं पाहायचा तारा

मे महिन्यात चौबे कॉलनीतल्या गच्च्यांवर संध्याकाळी पाणी मारावं लागतं, तेव्हा कुठे पाय टेकवता येतो. अच्युतरावांनी त्या दिवशी दोनदा पाणी मारलं. कॉलनीतली पोरं तारे पाहायला नेहमीच यायची, पण आजची खटपट एकाच पोरीसाठी होती. त्यांची नात शर्मिष्ठा, वय बारा.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की शर्मीच्या डोळ्यांतला पडदा झिजत चाललाय. आधी अंधारातलं दिसणं जाईल, मग कडेकडेचं, शेवटी मधलंही. औषध नाही. सून राधिका रडत बसली नाही. तिनं ब्रेल शिकवणाऱ्या बाई शोधून काढल्या. मोडता घातला तो अच्युतरावांनी.

"डॉक्टर म्हणजे काय देव आहे? थांब जरा."

आणि तेवढ्यात एक तारा फुटून नव्यानं चमकू लागल्याची बातमी आली. तो होता सप्तर्षींच्या शेपटीजवळच्या एका आकाशगंगेत; ती शेजारचीच म्हणायची, तरी तिथून प्रकाश यायला दोन कोटी वर्षं लागतात. अच्युतरावांनी राधिकेला सांगून टाकलं, "पोट्टीले हा तारा दुर्बिणीतून दिसला, तर ब्रेलच्या बाई नकोत."

"आणि नाही दिसला तर, बाबा?"

"दिसत कसा नाही!"

अंधार पडायच्या आत त्यांनी गच्चीच्या फळ्यावर खडूनं तीन तारे काढले आणि त्यांच्या वर, उजव्या हाताला, नव्या ताऱ्याचं टिंब दिलं.

"आबाजी, ये पहले कैसा था?" शर्मीनं विचारलं. ती मराठी सगळं समजे, पण शाळा-शेजार हिंदी, त्यामुळे बोले मात्र हिंदीतच.

"हा खरा सवाल. फुटल्यावर लोकांनी जुने फोटो काढले. त्या जागी आधी कोण होतं? तर एक लाल, म्हातारा, भला मोठा तारा. आपल्याच अंगातून धूळ सोडत होता अन् त्याच धुळीत गुंडाळून बसला होता. फोटोत तो होताच. लक्ष देऊन कोणी पाहिलं नव्हतं."

"लाल, मोटा, बूढ़ा," शेजारची दीपमाला म्हणाली. "बिलकुल मेरे नानाजी!"

पोरं हसली. "फुटला काहून?" एकानं विचारलं.

"पोटातलं जळण संपलं. आतून कोसळला, बाहेरून उडाला."

"अब नहीं है?" शर्मीनं विचारलं.

"केव्हाच गेला. आपल्याले आत्ता कळून राहिलं."

अच्युतरावांची एक जुनी रीत होती. ज्याला तारा दिसला, त्यानं तो कुठे आहे ते त्यांच्या कानात सांगायचं. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, वरचं खाली आणि उजवीकडचं डावीकडे, हे ते आधी कुणालाच सांगत नसत. फळा पाहून ठोकून देणारं पोर तिथेच सापडे. मग सगळे मिळून हसत, आणि उलटं का दिसतं याचा धडा त्यातूनच सुरू होई.

दीपमाला आधी स्टुलावर चढली. "बस, एक बिंदी? इसके लिए इतना भाषण!" असं म्हणत तिनं कानात बरोबर सांगितलं: खाली, डावीकडे.

मग शर्मी. अंधारात गच्चीवर यायचं ती नेहमी टाळायची, त्यामुळे तो उलट्याचा धडा तिनं कधी ऐकला नव्हता. समोरचं स्टूल तिनं हातानं चाचपत शोधलं.

"सरळ नको पाहू, बेटा. मंद तारा डोळ्याच्या कडेनं धरायचा. नजर जराशी बाजूले ने..."

आजवर शेकडो पोरांना त्यांनी हे वाक्य सांगितलं होतं. आज 'कडेनं' हा शब्द तोंडातून गेला आणि पुढचं वाक्य त्यांनी अर्ध्यावरच सोडलं.

शर्मी पाहत राहिली. डोकं इकडे, डोकं तिकडे. स्टुलाची कड तिनं घट्ट धरली होती.

"सो गई क्या रे?" दीपमाला ओरडली.

"दिखा!" शर्मी एकदम म्हणाली. वाकून तिनं त्यांच्या कानात सांगितलं, "तीन तारों के ऊपर, दाईं तरफ. एकदम साफ!"

अच्युतरावांनी दुर्बिणीला डोळा लावला. तारा तिथेच होता, खाली, डावीकडे.

"शाब्बास," ते म्हणाले.

शर्मी दीपमालाकडे वळली. "ऊपर दाईं तरफ था ना?"

दीपमालानं आबाजींच्या तोंडाकडे पाहिलं. एरवी एक शब्द खाली पडू न देणारी ती पोर. "हाँ," ती म्हणाली. "वहीं था."

पोरं गेल्यावर अच्युतराव दुर्बीण न झाकता तसेच उभे राहिले. एकेक मागचं चित्र डोळ्यांपुढे येऊ लागलं. दिवाळीत पेटत्या पणतीवर पडलेला शर्मीचा पाय. भर लग्नात त्यांचा सदरा धरून चालणारी शर्मी. बाजूनं आलेलं फूल कधीच न दिसल्यामुळे तिनं सोडून दिलेलं बॅडमिंटन. सगळ्या चित्रांत तिचं न दिसणं होतंच.

ते खाली आले तेव्हा शर्मी आईला सांगत होती, "दिखा, मम्मी! अब वो मैडम नहीं आएँगी ना?"

राधिका सासऱ्यांकडे पाहू लागली.

"त्या बाईंना उद्याच बोलाव," अच्युतराव म्हणाले.

"पर मुझे दिखा, आबाजी! आपने ही तो शाब्बास कहा!"

त्यांनी मान वर केली नाही. सून म्हणेल, मी सांगतच होते, अशी त्यांची कल्पना होती. पण राधिकेनं हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. तेव्हा कुठे त्यांना उमगलं, की आज आपण 'बाई नकोत' म्हणावं, याची वाट घरात सगळ्यांत जास्त तीच पाहत होती.