पान गेलं, गोळ्या आल्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. पोटात चार कप्पे, वर घट्ट झाकण आणि अंगात थोडा गर्व. चिपळूणच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि रखमाबाईंच्या रुखवतातून मी मानपाड्याला आलो. जेवण झालं की माझं झाकण वाजायचंच. या घरात देवपूजा कधीमधी चुकली असेल, माझी नाही.

मग नेहमीची गोळी घेऊनही रखमाबाईंची साखर वाढली. ठाण्याच्या इस्पितळातून त्या परतल्या त्या पिशवीभर गोळ्या आणि पानावर बंदी घेऊन. मी फळीवर गेलो. धुळीशी ओळख झाली.

एका दुपारी रखमाबाईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. त्यांची सून समीक्षा हिने मशीनवर बघितलं. साखर फारच उतरली होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिने चटकन साखरेचं पाणी पाजलं. थरथर थांबल्यावर विचारलं, "आई, सकाळी काय घेतलंत?"

"नवीन गोळी. आणि आपली नेहमीची."

"नेहमीची? ती बंद केलीय ना डॉक्टरांनी!"

"अगं, इतकी वर्षं इमानाने चालली बिचारी. नवीन आली म्हणून तिला घराबाहेर काढायची?"

"आई, गोळी आहे ती, मोलकरीण नाही!"

पेपरामागून त्यांचे यजमान तानाजीराव म्हणाले, "मी अजून घरात आहे तो याच न्यायाने."

समीक्षाने जुन्या-नव्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून आणल्या. जुनी गोळी घराबाहेर गेली. पण नवीन वेळेवर घ्यायची आठवण कशी राहावी?

"आई, तुम्ही पान कधी विसरलात?"

"छे! पान कोण विसरतं?"

दोघींची नजर फळीवर गेली. मित्रांनो, त्या दिवशी मला चिंचेने घासलं! गोळ्यांच्या पाकिटाचे तुकडे कापून तीन कप्प्यांत ठेवले: सकाळ, दुपार, रात्र. चौथ्यात साखरेची पुडी, पुन्हा थरथर सुटलीच तर हाताशी असावी म्हणून. तानाजीराव ती आपल्या बिनसाखरेच्या चहात ओतायला टपलेले असतात.

"अहो, ठेवा ती! औषध आहे ते."

आता पुन्हा जेवण झालं की माझं झाकण वाजतं. परवा डॉक्टर म्हणाले, "छान! साखर ताब्यात आहे. काही तक्रार?"

"आहे ना," रखमाबाई म्हणाल्या. "गोळीला काताचा वास येत नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी इस्पितळातून परतलं, तर जुनी गोळी कुठली सोडायची, नवी केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांना नीट विचारून घ्या. आणि फळीवर एखादा जुना डबा असेल, तर त्याचं झाकण एकदा वाजवून बघा. आम्ही कामाला तयारच असतो. फक्त चिंच जरा सढळ हाताने लावा.