वकीलबाईंचा काळा कोट

मित्रांनो, बहारीनच्या उन्हात काळ्या कोटाला कोण विचारणार? तरीही मी इथे आहे, मनामा शहराच्या झिंज भागातल्या एका फ्लॅटच्या कपाटात. मी निवेदिताबाईंचा वकिली कोट.

माझा जन्म पुण्याचा. तिथल्या कोर्टात बाई भाडेकरू दुकानदारांची बाजू मांडायच्या, तेव्हा माझी कॉलर ऐटीत ताठ असायची. पुढे त्या मुंबईत मोठ्या ऑफिसांचे करार करू लागल्या आणि तिथून मनामाला आल्या. इथे त्या मॉल, टॉवर, गोदामे यांच्या खरेदी-विक्रीचे करार लिहितात. कोर्टात उभे राहायचे नसते. मी कपाटात गेलो तो गेलोच.

गेल्या महिन्यात त्यांच्या कंपनीला वेबसाइटसाठी बाईंचा फोटो हवा होता. मला बाहेर काढले, तर अस्तर फाटलेले! बाईंनी मला जवळच्या नईम भागात ताहिरभाईंकडे दिले. रत्नागिरीच्या या शिंप्याने मला हळुवार उसवून नवे अस्तर लावले. किती दिवसांनी कुणी मायेने हात लावला होता!

बाई मला न्यायला आल्या, तेव्हा दुकानात खोकी भरणे चालले होते.

"दुकान हलवताय?"

"खलास, मॅडम. बिल्डिंग विकली. सगळ्यांनी निघायचं. वरच आमचं घर. बायको नसीमा कालपासून जेवली नाय."

बाईंनी बाहेर जाऊन इमारतीचा नंबर वाचला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. या विक्रीचा करार त्यांनीच लिहिला होता. 'इमारत रिकामी करून द्यावी' हे वाक्यही त्यांचेच. त्यांनी नकाशे पाहिले होते, इमारत कधीच पाहिली नव्हती. मीही सुन्न झालो. माझ्या बाई? दुकानदारांसाठी भांडणाऱ्या?

बाई आत आल्या. "ताहिरभाई, या बिल्डिंगच्या विक्रीचा करार मी लिहिलाय."

ताहिरभाईंनी एक खोके त्यांच्यापुढे सरकवले. म्हणाले, "बसा. पाणी घ्या."

दुसऱ्या दिवशी मला अंगात घालून बाई नव्या मालकाकडे गेल्या.

"करारात इमारतीचं पाडकाम उन्हाळ्यानंतर आहे ना? मग तोवर या लोकांना राहू द्या."

मालकाने कपाळाला आठ्या घातल्या, पण अखेर होकाराची मान हलवली. तेवढ्या मुदतीत ताहिरभाईंना शहराजवळच्या सनाबिस भागात लहानशी जागा मिळाली. जुने दुकान मात्र गेलेच.

मित्रांनो, तुम्हीही उद्या मोठे व्हाल, मोठमोठे करार कराल. सही करण्याआधी एकदा त्या इमारतीचा जिना चढा. दार वाजवा. आत कुणाची तरी चूल पेटलेली असते.