महाराजांचा गुडघा

फरशी बसवणाऱ्याचं पोट गुडघ्यावर. जिन्यात पाय घसरला, गुडघ्याची वाटी फुटली, डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती तारेने बांधली, टाकेही निघाले. आता राहिलं होतं फक्त पाय वाकवणं, आणि तिथेच या फरशीवाल्या महाराजांनी हातपाय गाळले.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, "टाचेखाली टॉवेल घेऊन पाय जवळ ओढत राहा. आणि गुडघ्याखाली उशी अजिबात नको. बरं वाटतं, पण पाय तसाच आखडून बसतो."

बायकोने ते मनावर घेतलं, सासूबाईंनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. बायको कामावर जाताना उशी उचलून कपाटावर टाकायची. संध्याकाळी येऊन बघते तर उशी पुन्हा गुडघ्याखाली, सासूबाई तळव्याला तेल चोळतायत आणि चाळिशी ओलांडलेला बाप्या "आई गं, हळू" करतोय. खोलीत तेलाचा नि घामाचा कुबट वास, पायाची सालपटं निघालेली, गादीवर बिस्किटांचा चुरा. तिला शिसारी यायची. पायाची नव्हे, त्या सुखावलेल्या तोंडाची.

तिने टॉवेल हातात घेतला की तो बोंब ठोकायचा आणि सासूबाई धावत यायच्या.

"जीव घेतेस का माझ्या लेकराचा?"

"आई, खाली बसताच आलं नाही तर फरशी काय उभ्याने बसवणार आहेत?"

"ते बघू नंतर. तू आधी हात काढ."

लेकरू गुपचूप भिंतीकडे तोंड करायचं.

तपासणीच्या दिवशी बाईंनी पाय वाकवून पाहिला. अर्ध्यावरसुद्धा येईना. "असंच राहिलं तर भूल देऊन वाकवावा लागेल," त्या म्हणाल्या. "घरी व्यायाम होतो की नाही?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. निदान आता तरी त्याने खरं बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

"करत होतो," तो म्हणाला. "पण ही फार जोर करते हो. हिच्यामुळेच सूज आली, मग सोडून दिला."

सासूबाईंनी डोळे पुसत मान डोलावली. इतक्या वर्षांचा संसार, आणि आपल्या आळसाचं खापर फोडायला याला बायकोचंच डोकं सापडलं.

बाईंनी पाय पुन्हा धरला आणि हळूहळू दाबायला लागल्या. तो किंचाळला. चाचपडत त्याने बायकोचा हात घट्ट पकडला. "सांग ना त्यांना! बास म्हणावं!"

बाई थांबल्या आणि तिच्याकडे बघू लागल्या.

तिने त्याच्या घामट मुठीतून आपली बोटं सोडवली, कपड्याला पुसली.

"थांबू नका," ती म्हणाली. "आणखी वाकवा."