बापूजींची जीप सारखी तापायची

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे आणि मी गळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण ‘अरे, ही तर गळून राह्यली!’ म्हणून ओरडतो. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. वर लाकडी बूच आणि टांगायला दोरी. माझ्या कापडातून पाणी हळूहळू पाझरतं, वारा ते सुकवतो आणि आतलं पाणी गार होतं. थोडं गमवायचं आणि उरलेलं गार ठेवायचं, असा माझा कारभार. फ्रीजला याचं हसू येईल. पण फ्रीजला जीपच्या बंपरवर टांगून जंगलातून कुणी नेत नाही.

मला शिवलं चंद्रपूरच्या सादिकभाईंनी. जीपचे हूड आणि सीटकव्हर शिवायचा त्यांचा धंदा. उन्हाळा जवळ आला की ते छागला करायला घ्यायचे. आरमोरीचे बापूजी मला घ्यायला आले आणि त्यांनीही तेच म्हटलं, “हे तं गळते न जी!”

“गळनारच भाऊ,” सादिकभाई म्हणाले. “गळली तरच थंडी करीन. फक्त कुठी कोंडून नोका ठेवू इले. हवा लागू द्या.”

बापूजींची धानाची शेती होती आणि एक म्हातारी जीप. धान घरात आलं की उन्हाळाभर ते जीप चालवायचे. कधी लग्नाचं वऱ्हाड, कधी बाजाराची माणसं, कधी तेंदूपत्त्याची पुडकी. मी पुढे बंपरवर लटकलेली. रस्त्यात कुणीही हात केला की बापूजी थांबायचे आणि मला पुढे करायचे. ‘काय गार पाणी हाय हो!’ असं कुणी म्हटलं की माझं कापड ताठ व्हायचं. ते कौतुक मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पण माझी खरी आवडती खेप वर्षातून एकदाच असायची. आशाबाई म्हणजे बापूजींची बायको. त्यांचं माहेर थेट सिरोंचाकडे, गोदावरीच्या काठी. तिथे त्यांचा पोचू नावाचा भाऊ राहायचा. दर उन्हाळ्यात बापूजी त्यांना आणि लहानग्या अजयला घेऊन निघायचे. वाटेत सगळं जंगलच जंगल.

आता एक गुपित सांगते. बाईमाणसाला एवढ्या लांबच्या रस्त्यावर मध्ये कुठेतरी उतरावं लागतं. पण नवऱ्यालासुद्धा ‘थांबा’ म्हणायची आशाबाईंना भारी लाज. बापूजींनी त्यांना एकदाही विचारलं नाही. दाट झाडी असलेलं एखादं वळण आलं की ते जीप बाजूला घ्यायचे आणि म्हणायचे, “गाडी तापली वाटते.” मग बॉनेट उघडायचे, मला सोडवायचे आणि माझ्यातले चार थेंब उगाच जाळीवर शिंपडायचे. अजयला रस्त्याच्या पलीकडे टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, वेचायला पाठवायचे आणि स्वतः बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभे राहायचे. आशाबाई झाडीमागे जाऊन निवांत परत यायच्या. त्या आल्या की “झाली थंडी” म्हणून बापूजी बॉनेट लावायचे. मी इंजिनाच्या नाकासमोर टांगलेली, मला कळणार नाही तर कुणाला? इंजिनाला काहीही झालेलं नसायचं. आशाबाई मात्र प्रत्येक थांब्यावर माझ्यातलं पाणी घटाघटा प्यायच्या, कारण जीप पुढे पुन्हा तापणार याची त्यांना खात्री असायची.

अजयला यातलं काही कळलं नाही. बापाची जीप म्हणजे खटारा, सारखी तापते, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

पुढे बाटल्यांचं पाणी आलं. बापूजी गेले. अजयने जीप विकली आणि विकताना घेणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगितलंही, “हे तापते बरं का.” मी गोठ्यातल्या खुंटीवर राहिले. माझे धागे आक्रसले, कुंभारीण माशीने माझ्या पोटाशी मातीचं घर केलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. वाईट वाटायचं, पण सवय झाली.

यंदाच्या मे महिन्यात अजयने नवी गाडी घेतली, पांढरी आणि एसीची. आईला सिरोंचाला पोचूमामाकडे न्यायचं आणि जाताना रस्त्यातलं सगळं पाहत जायचं, असा बेत ठरला. मार्कंड्याचं देऊळ, आलापल्लीचे सागवान, कमलापूरचे हत्ती. सोबत त्याची बायको ज्योत्स्ना आणि मुलगी करिष्मा. आशाबाईंनी मला खुंटीवरून उतरवलं, माती खरवडली आणि पाण्यात बुडवून ठेवलं. पाणी पिऊन माझे धागे फुगले आणि शिवणी पुन्हा घट्ट झाल्या.

“आई, बर्फाची पेटी हाय न गाडीत. छागल कायले?” अजय म्हणाला.

“असू दे रे. तुह्या बापाची हाय.”

“बाबाची जीप तापे सारखी, म्हणून छागल लागे. आपली गाडी नाई तापत, आई!”

आशाबाई नुसत्या हसल्या. पण मला वाटलं, न तापणारी गाडी थांबणार कशी?

मला मागच्या बाजूला टपावरच्या कॅरिअरला टांगलं. तिथून काचेतून आत दिसायचं. आशाबाई मागच्या सीटवर, माझ्या अगदी जवळ, पण मध्ये काच.

मार्कंड्याला पोचलो तेव्हाच ऊन चढलं होतं. वैनगंगेच्या उथळ पाण्यात करिष्माने धुडगूस घातला. अजयने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ज्योत्स्नाने साडीचा काठ भिजवून घेतला. आशाबाई पायरीवर सावलीत बसून हसत होत्या. अजयने त्यांना बाटली दिली. त्यांनी ती तोंडाला लावली आणि परत केली. फक्त ओठ ओले केले होते, गिळलं काहीच नव्हतं. ते मी पाहिलं आणि माझी काळजी सुरू झाली.

पुढे एका ढाब्यावर जेवण झालं. आशाबाईंनी हळूच तिथल्या माणसाला काहीतरी विचारलं. त्याने मागच्या बाजूला हात केला. त्या मागे गेल्या आणि तशाच परत आल्या. मागे उघडं मैदान होतं आणि मैदानात खाटा टाकून ट्रकवाले बसले होते. परत आल्यावर त्यांनी ताकाचा ग्लास करिष्माकडे सरकवला. “मले नाई पाह्यजे, तू पे.”

मला ओरडावंसं वाटत होतं. पण छागलेला तोंड असून बोलता कुठे येतं? मी गळत होते, एवढंच. ज्या पाण्याने आशाबाईंच्या घशात जायचं, ते माझ्यातून टपटप डांबरी रस्त्यावर पडत होतं आणि पडल्या पडल्या सुकत होतं.

आलापल्लीच्या पुढे सागवानाचे ते मोठाले वृक्ष. मान मोडेस्तोवर वर पाहिलं तरी शेंडा दिसत नाही. तिघांनी खोडाला कवेत घेऊन फोटो काढले. झाडी होती, आडोसा होता, पण एका मिनीबसमधून आलेली माणसं झाडाझाडाशी उभी होती. आशाबाई गाडीतून उतरल्या, चार पावलं चालल्या आणि पुन्हा येऊन बसल्या.

“आई, पाणी?” ज्योत्स्नाने विचारलं.

“तहानच नाई लागली मले.”

ज्योत्स्ना त्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग तिनेही न पिता बाटलीचं झाकण लावलं.

त्यानंतर ती जुनी वळणं आली. एक ओळखीचं वळण येताच आशाबाईंनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बापूजी इथे हमखास थांबायचे. “आता रोड कसा मस्त झाला, नाई आई?” असं म्हणून अजयने गाडी आणखी जोरात घेतली. पोराने हौसेने आणलंय, त्याच्या आनंदात खोडा कशाला घालायचा, हे आशाबाईंच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होतं. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. कपाळावर घामाचा टिपूसही नव्हता. माझा जीव टांगणीला लागला, आणि मित्रांनो, मी तर आधीच टांगलेली होते.

कमलापूरच्या तळ्यात हत्ती डुंबत होते. करिष्मा टाळ्या पिटत काठाकडे धावली. “आई, उतर न! हत्ती पाह्य!” अजयने हाक मारली. आशाबाई उतरल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या आणि तिथेच खाली बसल्या. त्यांची मान एका बाजूला कलली.

ज्योत्स्ना धावत आली. तिने त्यांच्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकं अंग तापलं होतं. बर्फाच्या पेटीतल्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. तिने माझी दोरी ओढली, बूच काढलं आणि मला आशाबाईंच्या तोंडाला लावलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“नको बाई,” त्या पुटपुटल्या. “मंग... मंग उतरा लागते.”

ज्योत्स्नाचा हात थांबला. तिने अजयकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही.

“समजलं का तुम्हाले, आई काऊन पाणी नाई पिऊन राह्यल्या सकाळपासून? मी बी नाई पिली. गाडी थांबवा म्हणाची लाज वाटते आमाले. तुम्ही विचारलं का एकदा तरी?”

 अजयने आईला उचलून मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी मागे, अहेरीच्या दवाखान्याच्या रस्त्याला लावली.

आता मला आत घेतलं होतं. ज्योत्स्नाने सगळ्या काचा उघडल्या आणि मला दाराच्या वरच्या कडीला, आशाबाईंच्या बरोबर डोक्यावर टांगलं. वारा माझ्या अंगावरून जात होता आणि मी गळत होते, त्यांच्या कपाळावर, गळ्यावर, छातीवर. ज्योत्स्ना तेच पाणी पदराने त्यांच्या हातापायांना लावत होती आणि मधूनमधून मला वाकवून घोट घोट पाजत होती. नव्या गाडीची सीट चिंब झाली, पण त्याचं कुणाला काय!

आयुष्यभर गळले, पण गळण्याची एवढी भीती कधी वाटली नव्हती. माझं पोट खपाटीला जात होतं आणि अहेरी काही येत नव्हती. हळू गळावं तर त्यांचं अंग थंड कसं होणार? भराभर गळावं तर पुढे काय उरणार? सादिकभाई, तुमची शिवण धरून ठेवा, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. करिष्मा पुढच्या सीटवर मुसमुसत होती. मग आशाबाईंचे ओठ हलले.

“नीळ्ळू...”

“काय म्हणते आजी?” करिष्मा घाबरून ओरडली.

अजयला लहानपणीच्या मामाकडच्या सुट्ट्या आठवल्या. “पाणी मांगून राह्यली,” तो म्हणाला. “माहेरची तेलुगू बोलून राह्यली ते. दे, ज्योत्स्ना, पाणी दे तिले.”

माझ्यातलं शेवटचं पाणी आशाबाई स्वतःहून प्यायल्या. थोड्याच वेळात अहेरीची घरं दिसू लागली.

दवाखान्यात सलाईन लागलं. अंगातलं पाणी आटलं होतं, वेळेवर आणलंत, असं सिस्टर म्हणाल्या. मला खिडकीच्या गजाला अडकवलं होतं. ऊन कलल्यावर आशाबाईंनी डोळे नीट उघडले, मला पाहिलं आणि हसल्या.

“तुम्ही सांगाचं नाई काय, आई?” ज्योत्स्नाने विचारलं.

“पोराले कसं सांगू वो? याच्या बापाले बी कधी नाई सांगतलं. सांगाची पाळीच नाई आली.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “ते जीप कधीच नाई तापली, पोरी. एकडाव बी नाई.”

अजय औषधं घेऊन दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. लहानपणची सगळी वळणं, सगळी टेंभरं, बॉनेटमध्ये डोकं खुपसलेला बाप, हे सगळं त्याला एकदम दिसलं असावं. तो आत आला नाही. भिंतीला पाठ लावून तिथेच उभा राहिला.

आशाबाईंना बरं वाटेपर्यंत मुक्काम अहेरीतच झाला. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर एका सकाळी, ऊन तापायच्या आत आम्ही सिरोंचाला निघालो. ज्योत्स्नाने मला काठोकाठ भरलं होतं. ते ओळखीचं वळण आलं आणि अजयने गाडी बाजूला घेतली.

“गाडी तापली वाटते,” तो म्हणाला.

“बाबा, आत्ताच तं निघालो!” करिष्मा म्हणाली. “नवी गाडी कशी तापन?”

“तापते कधीकधी. तू तिकडं जाय, टेंभरं पडली असन.”

त्याला बॉनेट उघडायची कळच सापडेना. बरीच चाचपडाचाचपड करून त्याने ते उघडलं, मला सोडवलं आणि माझ्यातले चार थेंब कुठेतरी शिंपडले. कुठे शिंपडायचे तेही त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याने बॉनेटमध्ये डोकं खुपसलं. मागे दारं उघडली. सासू-सून एकमेकींचा हात धरून झाडीकडे गेल्या. मी त्याच्या हातात होते, म्हणून सांगते, तो रडत होता.

त्या दोघी परत आल्या. आशाबाईंनी मला त्याच्या हातातून घेतलं आणि घटाघटा पाणी प्यायल्या, अगदी पूर्वीसारखं.

“झाली का रे थंडी?”

“झाली, आई.”

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी ‘मला टाकून देऊ नका’ असं म्हणायची रीत आहे. मीही म्हणते, मला अधूनमधून भिजवत जा, म्हणजे माझे धागे मरणार नाहीत. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. उन्हाळ्यात तुम्ही देवळं पाहायला जाल, हत्ती पाहायला जाल. तेव्हा गाडीत ‘मला तहान नाही’ असं कोण म्हणतंय, तिकडे लक्ष ठेवा. त्यांना काही विचारू नका. तुमची गाडी कितीही नवी असू द्या, दाट झाडीचं वळण आलं की तिला तापू द्या.