आयोनाच्या गलबताचं नाव

लॅम्बर्टला आपल्या नव्या गलबताचा धर्मपिता करायचं आयोनाने ठरवलं, ते मला पटलं नव्हतं. पण आम्हा कारियाकू बेटावरच्या लोकांना शिकल्या माणसाचं भारी कौतुक. लंडनला राहून आलेला, वर पुस्तक छापलेला. त्याच्या हातून झेंडा उघडला तर गलबताला मान, असं तिला वाटलं. धर्ममाता मी.

नाव झेंड्यावर शिवून तो गुंडाळून ठेवतात. धर्मपिता तो उघडतो. पण नाव पक्कं होतं ते दोर ओढताना. धर्ममाता पुकारते आणि गाव तेच नाव गात गलबत पाण्यात नेतं. आयोनाने आम्हा दोघांना सांगितलेलं नाव तिच्या आईचं होतं, क्लेमेंटीना. आयोनाच्या नवऱ्याने तिकडे इंग्लंडात, हडर्सफील्डला दुसरं घर मांडलं. आयोना इथे शिडं शिवत राहिली, मुलं वाढवली ती क्लेमेंटीनाने.

गलबत सोडायच्या आदल्या रविवारी लॅम्बर्टने शाळेत आपलं महाकाव्य वाचलं. त्यात आयोना म्हणजे ग्रीकांची ती राणी, नवऱ्याची वाट बघत दिवसा विणणारी आणि रात्री उसवणारी. याला मासळीवाला दिसला की वीर दिसतो, बकरीवरून भांडण झालं की महायुद्ध दिसतं. माणूस तेवढा दिसत नाही.

"मावशी, मी शिवलेलं कधी उसवलंय का गं?" आयोनाने मला हळूच विचारलं. "गिऱ्हाईक झोडपेल मला."

मी रोज पहाटे जपमाळ ओढते आणि दुपारच्या घंटेपर्यंत कुणाला वाईट बोलत नाही. लॅम्बर्ट गावी आल्यापासून हे व्रत फार जड जातंय.

गलबत सोडायच्या दिवशी पाद्रींनी पवित्र पाणी शिंपडलं, लॅम्बर्टने झेंडा उघडला. वर सोनेरी धाग्यात त्या राणीचं नाव. कुणाला न विचारता त्याने नवा झेंडा शिवून आणला होता. क्लेमेंटीनाला इथे चार घरं ओळखतात, राणीला सगळं जग ओळखतं, असं त्याने समजावलं. मग आयोनाकडे वळून म्हणाला, "मी तुला अमर केलंय."

आयोनाचा चेहरा उतरला. हे नाव राहिलं तर बंदरोबंदरी ती टाकलेली बायको म्हणूनच वाचली जाणार होती.

"मी कुणाची वाट बघत नाही, लॅम्बर्ट," ती म्हणाली. "बघते ती भरतीची."

सुतारांनी टेकू तोडले, गलबत ओढण्यासाठी हळूहळू कुशीवर आलं. दुपारची घंटा कधीच होऊन गेली होती. लॅम्बर्ट राणीचं नाव ओरडू लागला. इतकी वर्षं बाहेर राहून पुकारा कुणाचा असतो हेच तो विसरला होता. मी दोराशी गेले. मला ओरडता येत नाही. नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "क्लेमेंटीना."

पहिल्या दोरावर बायका होत्या. त्यांतल्या कितीजणी क्लेमेंटीनाच्या हातचं जेवून मोठ्या झालेल्या. त्यांनी नाव उचललं, मग मागच्या दोरांनी. गलबत सरकलं.

"मास्तर, हात रिकामे असतील तर ओढायला या," कुणीतरी म्हणालं. लॅम्बर्ट झेंडा धरून उभाच राहिला.

आता त्याने नवा सर्ग लिहिलाय. त्यात म्हणे प्रत्यक्ष समुद्रानेच त्याच्या कानात क्लेमेंटीना हे नाव सांगितलं. समुद्राला इतकी वाईट संगत अजून तरी लागलेली नाही.