व्हर्जिलची थंड फुंकर

"दिवे मालवा!" आत्मे बोलावणारा ओरिन गरजला, आणि डेलोरिसच्या घरवजा ट्रेलरभोवती जमलेली सगळी पांढऱ्या केसांची गर्दी गप्प झाली.

ॲरिझोनाच्या वाळवंटात सूर्य बुडाला की थंडी कुणाची वाट बघत नाही. उत्तरेतलं बर्फ टाळायला हिवाळाभर इथे तळ ठोकणारे आम्ही पेन्शनर अंगाभोवती ब्लँकेटं लपेटून उभे होतो. आतला एकेक दिवा मालवला. अंधारात हीटरचा पंखा तेवढा घरघरत होता आणि त्याच्या जाळीतून गार वारा येत होता. चांदण्यात दिसलं, दारात उभ्या ओरिनच्या हातातल्या, आत्मा हुडकायच्या तांब्याच्या दोन काड्या हळूहळू एकमेकींकडे वळल्या.

"व्हर्जिल, बाबा रे! बायको चुकली तुझी. क्षमा कर तिला. ही थंड फुंकर थांबव!"

हीटरच्या पोटात टक्, टक्, टक् झालं. मग ढुप्! जाळ पेटला, आणि जाळीतून ऊब आली.

"आला गं, आला!" कुणीतरी हुंदका दिला. एकीने ओरिनचा हात कपाळाला लावला.

मी मात्र ओरिनच्या पायांकडे बघत होते. जन्मभर मोंटानात दाणावैरणीचं दुकान चालवलंय. गिऱ्हाईक तोंडाने काय बोलतं त्यापेक्षा ते जाताना काय घेऊन जातं हे बघायची खोड जात नाही. ओरिनच्या पायात व्हर्जिलचे बूट होते. अंगात व्हर्जिलचं जाकीट होतं. "आत्मा वस्तूंत अडकतो," असं त्याचं म्हणणं. आता तो आत्मा व्हर्जिलच्या ट्रकच्या स्टिअरिंगमध्ये अडकल्याची कुजबुज सुरू झाली होती.

डेलोरिसचा नवरा व्हर्जिल शरद ऋतूतच गेला. हृदयविकाराने. डेलोरिस तरीही नेहमीसारखी ट्रेलर ओढत एकटी इथे आली, आणि पहिल्याच गारठ्यापासून हीटरने छळ मांडला. पंखा फिरे, जाळ लागत नसे. कधी लागे, मध्येच विझे. दुपारी ऊन असताना अगदी शहाण्यासारखा चाले. व्हर्जिल असताना असं कधी झालं नव्हतं.

तिच्या खिडक्या रात्रभर जत्रेसारख्या उजळलेल्या असत. मी विचारलं, "अगं, एवढे दिवे कशाला?"

"त्याला अंधारात ट्रेलर सापडला नाही तर?" ती म्हणाली. "जन्मभर माझ्यामागे कटकट करायचा, दिवा बंद कर, दिवा बंद कर. आता म्हटलं, जळू देत सगळे."



मग उबेसाठी ती स्वयंपाकाची शेगडी पेटवू लागली, आणि ट्रेलरमधली विषारी वायूचा इशारा देणारी डबी किंचाळायला लागली. डेलोरिस धावली ती थेट ओरिनकडे. "ही त्याच्या रागाची किंकाळी," ओरिन डोळे मिटून म्हणाला. "डबी वाळूत पुरा. आणि तो शिरतो ती भोकं बुजवा." छतावरची हवेची खिडकी बुजली, दाराच्या फटीत टॉवेल गेले. हीटर गार फुंकर मारू लागला की डेलोरिस शेगडीचे सगळे बर्नर पेटवून त्यांच्यासमोर बसायची. तिचं डोकं दुखायला लागलं. मळमळायला लागलं.

"दुखतंय?" ओरिनने विचारलं. "उत्तम! तो सुटतोय. सुटताना ओढ बसणारच."

एका सकाळी शेकोटीपाशी कॉफीला सगळे जमले, डेलोरिस नव्हती. मी मर्नाकडे बघितलं. मर्ना टोलेफसन मिनेसोटात विज्ञान शिकवायची. जीभ अशी की शाळेच्या घंटेनेही तिला विचारून वाजावं. ती उठली, मी मागोमाग.

डेलोरिस टेबलाशी बसलेली होती. उठायला बघत होती आणि पाय ऐकत नव्हते. शेगडी भडभडत होती. मर्नाने बर्नर बंद केले, टॉवेल लाथेने उडवले, दार सताड उघडलं, आणि आम्ही दोघींनी तिला काखेत धरून वाळूवर आणलं. गावातल्या दवाखान्यात तिच्या नाकाला ऑक्सिजन लावत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बंद जागेत शेगडी जाळली की विषारी वायू साठतो. आणखी थोडा वेळ आत बसली असती, तर हिला इथे आणायची गरज उरली नसती."

एवढं होऊनही दुपारी परत येताना डेलोरिस गाडीत पुटपुटली, "तो मला न्यायला आला होता. आज शेवटचं बसायचं आहे. सगळं बंद करून, एकटीने. ओरिन म्हणतो, आज तो क्षमा करेल."

मर्नाने गाडी चालवता चालवता एवढंच म्हटलं, "बस हो. पण आधी मला दाखव तुझा बुवा."

संध्याकाळी गर्दी नेहमीहून मोठी होती. मरता मरता वाचलेल्या बाईमागे लागलेलं भूत कोणाला बघायचं नसतं? ओरिन काड्या सरसावून आला. "दिवे—"

"राहू देत," मर्ना म्हणाली. "आज उजेडात बोलाव."

"आत्म्याला उजेड सोसत नाही, बाई."

"जन्मभर याच उजेडात जेवला ना तो? बोलाव."

ओरिनने हाका मारल्या. आर्जवं केली, दटावलं, काड्या फिरवल्या. पंखा घरघरत राहिला आणि गार वारा येत राहिला. ओरिनच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला.

"आता तू गप्प बस," मर्ना म्हणाली. "डेलोरिस, तूच उठ. एकेक दिवा मालव. कुणी काही बोलायचं नाही."

एक दिवा गेला, दुसरा गेला. शेवटचा जाताच टक्, टक्, ढुप्! ऊब आली.

"माझी हाक उशिरा पोचली!" ओरिन ओरडला. काही माना डोलल्यासुद्धा. "आणि बघा, अंधारातच आला!"

"थांब जरा. डेलोरिस, सगळे दिवे लाव." दिवे लागले. पंख्याचा आवाज उतरला, जाळ विझला, पुन्हा गार वारा. मर्ना माझ्याकडे वळली. "एडना, तुझी गाडी चालू करून इथे आण. ताराही आण."

आम्ही माझ्या चालत्या गाडीची बॅटरी ट्रेलरच्या बॅटरीला तारांनी जोडली. दिवे लखलखले. पंख्याचा सूर चढला. ना हाक, ना काडी, ना अंधार. टक्, टक्, ढुप्!

कुणी हुंदका दिला नाही.

"नीट ऐका," मर्ना म्हणाली. "हीटरमध्ये एक छोटं पातं असतं. पंख्याचा वारा जोरात आला की ते ढकललं जातं, आणि मगच गॅस सुटतो. वारा कमी असताना गॅस पेटू नये म्हणून ही सोय. बॅटरी अशक्त असली की पंखा मरगळतो, पातं हलत नाही, गॅस सुटत नाही. येतो तो नुसता गार वारा. दिवे मालवले की त्यांची वीज पंख्याला मिळते. दुपारी छतावरच्या सौर पट्ट्या बॅटरी भरतात, म्हणून दुपारी भूत येत नाही. व्हर्जिल दर हिवाळ्याआधी बॅटरीत पाणी घालायचा. या वर्षी घालणारा कुणी नव्हता. झाकणं उघडून बघितली मी, आतल्या पट्ट्या कोरड्या पडल्यात."

मग ती ओरिनसमोर जाऊन उभी राहिली. "वर्षानुवर्षं ट्रेलरमध्ये राहतोस. थंडी पडली की तुझ्या ट्रेलरमध्ये एकच दिवा का रे असतो?"

ओरिनने काड्या जाकिटात घातल्या. मग जाकीट कुणाचं ते बहुधा आठवलं, कारण ते काढून पायरीवर ठेवून तो निघून गेला. बूट मात्र घालून गेला.

डेलोरिस हीटरच्या जाळीपाशी जमिनीवर बसली होती, दोन्ही तळवे उबेसमोर धरून.

"म्हणजे तो आलाच नव्हता?" तिने विचारलं.

मर्ना खोटं बोलू शकली असती. मला वाटलं, बोलेल. "नाही गं," ती म्हणाली. "आला नव्हता."

"एकदाही नाही?"

"नाही."

मग डेलोरिसने तोंड वर केलं. "म्हणजे रागावलाही नव्हता माझ्यावर."

"कशाला रागावेल?"

त्यावर ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भीतीने नव्हे, नुसती नवऱ्यासाठी रडली.

तळावर अजून काहीजण म्हणतात की व्हर्जिलच बॅटरीत बसला होता. म्हणू देत. मी एवढंच सांगते. दुःखात माणसाला हाक ऐकू यावीशी वाटते, त्यात पाप नाही. पण त्या हाकेसाठी जो माणूस तुम्हाला दारं-खिडक्या बुजवायला सांगतो, डोकेदुखीला शुभशकुन म्हणतो, जीव वाचवणारी डबी पुरायला लावतो, त्याला आधी विचारा, हे उजेडात करून दाखवशील का? आणि उत्तर येईपर्यंत खिडकी उघडी ठेवा.